तपासलेली बाई

"चाची, चाचांना सांभाळायला पोलीस तपासणी झालेली बाई आणलीय!" अलिबागच्या एजन्सीच्या केतनने शिक्क्याचा कागद नाचवला. कुबराचा नवरा अर्धांगाने खाटेला खिळलेला. ठसका लागला तर खोकताही येत नसे. तिला सासू आठवली. कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला ती भरपूर काट्यांचा मासा देऊन आंधळ्या सासऱ्यांसाठी घास करायला लावायची. आज कुबरानेही तेच केलं. बाईने मोबाइलवर बोलत मासा न चाचपताच भातात कालवला आणि घास चाचांच्या तोंडाशी नेला. कुबराने तिचं मनगट धरलं. "काटे कोण काढणार?" केतन हसला. "पोलिसांनी पास केलंय, चाची. तुम्ही कोण परीक्षा घेणाऱ्या?" "पन्नास वर्षं यांना वाढणारी!" कुबराने ताट केतनसमोर सरकवलं. "कागदावर एवढा भरवसा ना? मग हा घास आधी तू गीळ." केतनने घास उचलला, निरखला आणि परत ताटात ठेवला.