टालमनचा होमरन

"पाचशे चाळीस फूट," मास्तर म्हणाले. "काका, चेंडू एवढ्या लांब जाण्याचं माझं गणित काही केल्या जुळत नाही."

एमिलने त्यांच्या बशीत जर्दाळूचा आणखी एक गोड पाव ठेवला. "मग आधी खाऊन घ्या."

त्याची बायको व्लास्टा पाठमोरी उभी राहून कॉफी ओतत होती. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. बेलफोर्डच्या बेसबॉल मैदानाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून ते त्याचा इतिहास लिहायला बसले होते. गणिताच्या माणसाने इतिहासात नाक खुपसू नये, असं तिचं ठाम मत होऊ लागलं होतं.

मैदानाने दोन पूर पाहिले, लाकडी गॅलरी जळताना पाहिली. पण गाव अजून बोलतं ते एकाच गोष्टीबद्दल. १९५७च्या जूनमध्ये बड टालमन नावाच्या काडीपैलवानाने होमरन मारला. चेंडू भिंतीवरून गेला, समोरच्या घरांची छपरं ओलांडून मागच्या गल्लीत आला आणि याच स्वयंपाकघराची खिडकी फोडून स्टोव्हखाली जाऊन बसला. बडने जन्मात तेवढा एकच होमरन मारला आणि मरेपर्यंत त्याला गावात कुणी कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत.

चेंडूने फुटलेली काच क्लबने बसवून द्यायची, ही इथली रीत. क्लबचा काचवाला होता एमिल. "बडने बॅट फिरवली नसती तर या घराची पायरी मी कशाला चढलो असतो?" लग्नाच्या दर वाढदिवसाला तो बिअरचा ग्लास उंचावून म्हणायचा.

तो चेंडू खरंतर कुठे गेला, कुणीच पाहिलं नव्हतं. पुढच्या गल्लीतल्या खिडक्या सारख्या फुटायच्या. एमिल शिडी घेऊन यायचा, शीळ घालत काम करायचा, आणि मागच्या गल्लीतली एकोणीस वर्षांची व्लास्टा लांबून बघत राहायची. तिच्या गल्लीपर्यंत चेंडू पोचतच नव्हते. त्या दुपारी मैदानात एकच कल्ला झाला. तिने रस्त्यात सापडलेला एक जुना चेंडू काढला, आतूनच खिडकीवर हाणला, बाहेर जाऊन उचलून आणला आणि स्टोव्हखाली सारला.

मग पेपरात बातमी आली, बड खिडकी बघायला आला, तिचं एमिलशी लग्न झालं. सांगायचं राहून गेलं. गाव काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती. पण ज्या चेंडूचे एमिलने अठ्ठावन्न वर्षं उपकार मानले, तो कधी आलाच नव्हता, हे त्याला कळू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"एकच विचारतो," मास्तर म्हणाले. "काचा कुठे पडल्या होत्या? बाहेरून चेंडू आला तर काच घरात सांडणार."

कॉफी कपाबाहेर गेली. काचांचा विचार तिने कधी केलाच नव्हता. शिडी फाटकाशी दिसताच ती वर फ्रॉक बदलायला पळाली होती. खाली आली तेव्हा क्लबचे साहेब चेंडू हातात धरून उभे होते आणि एमिल झाडू मारत होता. तिचं लक्ष फक्त एमिलकडे होतं.

"आत," एमिल म्हणाला. "सगळ्या फरशीभर. साहेबांनीसुद्धा पाहिल्या. जन्मभर काचा बसवल्या मी मास्तर, तेवढं कळतं मला."

मास्तरांनी वही मिटली. "काचवालाच सांगतोय म्हटल्यावर माझंच काहीतरी चुकतंय." जाताना त्यांनी दोन पाव बांधून घेतले.

दार लागलं तशी व्लास्टा खुर्चीत बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "तुला बरं सगळं बारीकसारीक आठवतं रे."

"न आठवायला काय झालं?" एमिलने सांडलेली कॉफी पुसली. "बाहेरच्या गुलाबांतून एकेक तुकडा वेचायचा आणि साहेब यायच्या आत फरशीवर पसरायचा. नशीब माझं, तुला फ्रॉक बदलायला एवढा वेळ लागतो."