शेवटची शर्यत

रत्नपाल सर आखाडा बाळापूरच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की ते पोरांना धावण्यावरचे सिनेमे दाखवायचे. त्यातला एका धावपटू पोरीचा सिनेमा त्यांचा सगळ्यात आवडता.

लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून लेक करुणा रोज दुपारी त्यांना जेवू घालून टीव्हीवर तोच सिनेमा लावायची. शेवटची शर्यत सुरू झाली की सर तोंड फिरवायला बघायचे, पण मान वळायची नाही. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि पाणी उशीवर ओघळायचं.

एका दुपारी तिच्या आईनं, जनकाबाईंनी, रिमोट हिसकावून घेतला.

"काहून छळून राहिली त्यांना? बघवत न्हाई त्यांच्यानं. दिसत न्हाई का तुला?"

"दिसतं, आई." करुणानं वडिलांच्या पायावरची चादर बाजूला केली. "पण शर्यत लागली का हा उजवा पाय हलतो. एरवी न्हाई हलत."

पडद्यावर पोरगी धावत होती. सरांच्या उजव्या पायाची बोटं हलली.

जनकाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता टीव्हीचा आवाज वाढवला.