ओढ्यापलीकडची

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर पदर खोचून उभ्या राहतात आणि हलगीच्या तालावर एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. जुनी चाल आहे. ओढा ओलांडायचा नाही, एवढाच नियम.

चांगुणाबाई लग्न होऊन आली, तेव्हापासून तिची पलीकडची जोड ठरलेली होती. ती म्हणजे कोंडाबाई. पण यंदा कोंडाबाईला सुनांनी धरून आणून उभं केलं होतं. तिचा नवरा वैशाखात गेला होता. चांगुणाबाईने तिच्या नाकाला नावं ठेवली, चालीची नक्कल केली, म्हशीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. कोंडाबाई नुसती पाण्याकडे बघत राहिली.

"मावशी, आज त्यांना सोडा," बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला. "शांतता बरी."

"तुझी शांतता ठाण्यात ठिव."

इतकी गप्प बाई चांगुणाबाईने फक्त तिरडीवर पाहिली होती. तिने घसा खाकरला आणि आजवर कुणी बोललं नव्हतं ते बोलली.

"कोंडे, म्हातारा मेला न्हाई गं तुझा. तुझ्या हातचं कालवण चुकवाय पळालाय त्यो."

हलगी थांबली. दोन्ही काठांवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हवालदाराने काठी सावरली.

कोंडाबाईने मान वर केली. सावकाश पदर खोचला.

"आन तुझा कसा टिकलाय, भवाने? ठार बहिरा हाय म्हणून."

चांगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. ती हलगीवाल्याकडे वळून खेकसली, "वाजव की मुडद्या, झोपलास काय?"