सातव्या प्रकरणातलं वाक्य

“हे वाक्य काढ.” शोभनाकाकूंनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

आश्लेषाने वाकून पाहिलं. पान एकशे बारा. ‘विमानतळावर आईने मुलीला ओळखलं नाही.’

सातवं प्रकरण याच वाक्यावर उभं होतं आणि कादंबरी सातव्या प्रकरणावर. ऐंशीच्या दशकात नोकरी आणि तान्हं बाळ दोन्ही झेपेना, म्हणून बाळाला भारतात आजीकडे, मावशीकडे पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी घरांबद्दल कोणी लिहिलंच नव्हतं. आश्लेषा चार वर्षं त्यासाठी खपली होती. सातव्या प्रकरणातली हकीकत शोभनाकाकूंची होती; त्यांची संमतीची सही आज प्रकाशकाकडे गेली नाही, तर पुस्तक थांबणार होतं.

“बाकी काही चुकलंय का?”

“विमानाची तारीख. ती मी दुरुस्त केली.” काकू निवृत्त होईपर्यंत औषधांच्या लॅबमध्ये होत्या, हस्तलिखित त्यांनी रिपोर्टसारखं तपासलं होतं. “बाकी तू लिहिलंस तसंच सगळे सांगतात.”

काकूंची आठ महिन्यांची मुलगी राधिका एका ओळखीच्या बाईंबरोबर नागपूरला गेली, काकूंच्या धाकट्या बहिणीकडे, सरलाकडे. सरलाची मुलगी तिच्याच वयाची. दोघी एका पाळण्यात वाढल्या. ग्रीन कार्ड अडकल्यामुळे काकूंना चार वर्षं जाता आलं नाही. मग सरलाची मुलगी तापाने गेली आणि महिन्याभरात सरलाने राधिकाला परत पाठवलं.

“काकू, दर दिवाळीला एक फोटो, तोही दोघींचा. तेवढ्यावरून कोण ओळखणार? यात तुमचा दोष नाही.”

“काढ म्हटलं ना.”

“राधिकाच्या बाबांनी, विनयकाकांनी, जाण्यापूर्वी स्वतः सांगितलं मला. तुम्ही मुलीकडे पाहिलंत आणि तिथेच फरशीवर बसलात. तिला त्यांनीच उचललं.”

काकूंचा हात पानावरून हलला नाही.

राधिका गाडीची किल्ली शोधत स्वयंपाकघरात आली. “आई, अजून तिथेच अडकलीस? मी वाचलंय ते. इट्स ओके, यार. चार वर्षांनी कोणीही नसतं ओळखलं.” तिने मागून आईच्या गळ्यात हात टाकले. “मी कधीच चिडले नाहीये तुझ्यावर. आता सही कर, नाहीतर बिचारी आश्लेषा इथेच राहायला येईल. मी ईशानला स्टेशनवरून घेऊन येते, तुझा नातू ताटकळला असेल.”

गॅरेजचं दार वाजलं. गाडी वळणापार जाईपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“ऐकलंस? सदतीस वर्षांनी मला माफ करते ती.”

“मग आता कसली भीती?” आश्लेषाने मुद्दाम आवाज खाली ठेवला. “वाक्य काढलं तर प्रकरण कोसळेल. कारण कळल्याशिवाय मी नाही काढणार.”

काकूंनी त्या वाक्यावर सरळ रेघ मारली. मग संमतीपत्र ओढून सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“कारण पुस्तकात येणार नाही.”

“नाही येणार.”

“मी तिला लांबूनच ओळखलं होतं,” काकू म्हणाल्या. “सरलाची होती ती.”