अननसाचा वास

टेबल एकच होतं आणि स्टुलं दोन, अगदी लागून. गॅरेजवाल्याने आधी तेच पाहिलं.

गेलेल्या बायकोचं सामान न्यायला तो तिच्या कारखान्यात आला होता. बिस्किटांत, साबणांत घालायचे वास इथे बनत. एका स्टुलावर दाढीवाला बसला होता. ऐन जेवताना फोन यायचा तो याचाच. "अरे, एस्टरमध्ये पाणी राहिलं असेल," म्हणून ती हसत सुटायची, आणि ताटावर बसलेल्या नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

"एस्टर म्हणजे काय हो?" त्याने विचारलं. "की ते तुमच्या दोघांतलंच होतं?"

दाढीवाल्याने टोमणा कानाआड केला. एका बाटलीचं बूच काढून ती पुढे धरली. उलटीसारखा भपकारा आला.

"हे आम्ल. यात अल्कोहोल घालायचं, तेजाबाचे दोन थेंब टाकायचे आणि तापवायचं. दोन्ही एकमेकांना जोडली जातात, पाणी सुटतं. जोडून जे बनतं, तो एस्टर." दुसऱ्या बाटलीत कागदाची पट्टी बुडवून त्याने पुढे केली. "पिकल्या फळांना वास येतो तो बराचसा याचाच. केळ्याचा वेगळा, सफरचंदाचा वेगळा. हा तिने बनवलेला."

तिने. मॅडमनी नाही, वहिनींनी नाही.

पट्टीला अननसाचा वास होता. संध्याकाळी तिच्या केसांना यायचा तोच.

"मजा होती तुमची," गॅरेजवाला म्हणाला. "दिवसभर तिच्या शेजारी बसून वास घ्यायचे."

"मजा कसली! सातआठ वास घेतले की नाक बधिर होतं. मग ओळखीचं काहीतरी हुंगायचं, म्हणजे नाक ताळ्यावर येतं. आम्ही सगळे आपापली बाही हुंगतो."

"आणि ती?"

गॅरेजवाल्याची नजर दाढीवाल्याच्या बाहीवर होती.

दाढीवाल्याने तिचा खण ओढला आणि झाकणाचा एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत मळका रुमाल होता, कडेला ऑइलचे डाग. हाच रुमाल गॅरेजवाल्याने घरभर शोधला होता. तिलाही विचारलं होतं. "मला काय माहीत? आधी आंघोळ करा, मग घरात फिरा," असं म्हणून तिने त्याला दारातूनच न्हाणीघरात पिटाळलं होतं.

"धुवायची नाही," दाढीवाला म्हणाला. "आम्हाला हातही लावू द्यायची नाही. मला तर मुळीच नाही." शेवटचं वाक्य जरा कडवटच निघालं.

गॅरेजवाल्याने रुमाल नाकाला लावला. पुन्हा लावला.

"याला तर कसलाच वास येत नाही."

"तुम्हाला नाहीच येणार. तुमचाच आहे." दाढीवाल्याने हात पुढे केला. "मी बघू?"

"नको," गॅरेजवाला म्हणाला, आणि रुमाल आत ठेवून त्याने झाकण घट्ट दाबलं.