थांबा नसलेल्या जागी

साखर कारखान्याचे चेअरमन व्यंकटराव पारावर बसले की सांगायचेच, "विमानात पाय ठेवला की तिथली बाई मला नावानिशी नमस्कार करते. पुढची सीट आपलीच. सारखं येणाऱ्या माणसाची कदर असते तिथं!"

गेल्या दुष्काळात मथुराबाईनं बाळंतपणात अडलेल्या सुनेसाठी त्यांच्या जीपला हात केला होता. ड्रायव्हरनं विचारलं, "मालक, वळखीची हाय का?" "न्हाय," म्हणून व्यंकटरावांनी तोंड फिरवलं. सून बैलगाडीतच दगावली.

यंदा तामलवाडीच्या माळावर त्यांची जीप तापून बंद पडली, अन् दिल्लीचं विमान तर गाठायचं होतं. त्यांनी सोलापूरच्या एस.टी.ला हात केला. तिथं थांबा नव्हता. अशा जागी सोलापूर डेपोचा मार्तंड ड्रायव्हर फक्त रोजच्या माणसांच्या वळखीवर गाडी थांबवायचा. त्यानं वेग कमी केला. पुढच्या सीटवर रोज गिरणीत कामाला जाणारी मथुराबाई होती.

"मावशी, वळखीचे हायेत का?"

मथुराबाईनं खिडकीतून वाकून नीट बघून घेतलं.



"लई चांगली वळख हाय, बाबा. हाण गाडी."