कोवळ्याला बोट दाखवू नये

“आई, धरला. दुधी धरला,” म्हणत उल्हास चिखलाच्या बुटांनिशीच स्वयंपाकघरात शिरला.

कऱ्हाडच्या परसातलं बी त्याने मे महिन्यात लावलं होतं. आयर्लंडचा उन्हाळा म्हणजे घाईतला पाहुणा, चहा होईपर्यंतही थांबत नाही. क्लोनडॉकिनच्या घरामागे प्लॅस्टिकचं हरितगृह उभारून, नराचं फूल मादीच्या फुलाला स्वतःच्या हाताने लावून, सप्टेंबरात कुठे करंगळीएवढा एक दुधी दिसला होता. औषधांच्या कारखान्यात दिवसभर गंभीर चेहऱ्याने तपासण्या करणारा हा इंजिनिअर आनंदाने अक्षरशः नाचत होता.

आई पदर खोचून बघायला आली. मागून त्याची बायको स्वप्नाली पाण्याची भरलेली झारी घेऊन आली. आईने ती तिच्या हातातून काढून उल्हासकडे दिली. “तुझा दुधी, पाणी तू घाल.”

“तो बघ,” त्याने बोट दाखवलं. आईने चटकन त्याच्या हातावर चापट मारली.

“कोवळ्याला सरळ बोट दाखवू नये, झडतं. वाकडं कर.”

इंजिनिअरने मुकाट्याने बोट वाकडं केलं. विषाची परीक्षा कोण घेणार? आईचं परतीचं तिकीट पुढच्याच शनिवारचं होतं, आणि या दुधीची भाजी खाऊनच तिने जावं असा त्याने ध्यास घेतला होता.

संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, “तिकीट पुढं ढकल बाबा. एवढं कोवळं टाकून माझा पाय निघायचा नाही.”

उल्हासला आभाळ ठेंगणं झालं. दुधीसाठी माझी आई थांबलीय, असं तो ऑफिसात आणि कुंपणापलीकडच्या नोराला सांगत सुटला. मग नोरा रोज आयरिश ढंगात दुधीची खुशाली विचारायची, “हाऊज युअर मॅन?” तोही तिच्याच ढंगात, मजेत आहे म्हणून रुबाबात सांगायचा, “ग्रँड.”

कटकट एकच होती. टोमॅटोच्या झाडावरचे हिरवे टोमॅटो नाहीसे व्हायला लागले होते. या उन्हात ते पिकणार नव्हतेच, पण चोरी ती चोरी. त्याने जाळी बांधली. “कावळे असणार.”

“कुणी खात असेल तर खाऊ दे,” आई म्हणाली. “ती जाळी काढ आधी.”

दुधी वीतभर झाला. नोरा खास बघायला आली आणि कौतुकाने तिने तर्जनी थेट त्याच्यावर रोखली. दोनच दिवसांनी रात्री पहिलं दहिवर गोठलं. सकाळी बघतो तर दुधी काळा पडून, मऊ होऊन देठाला लोंबत होता.

तो तिथेच मटकन बसला. आई मागे येऊन उभी राहिली, तरी त्याला वर बघवेना. त्याच्या हौसेपायी ती बिचारी इथल्या थंडीत अडकून पडली होती.

“गेला गं. तू ज्याच्यासाठी थांबलीस, तोच गेला.”

“दुधी होय?” आई म्हणाली. “पुढल्या साली लाव की. बी आहे अजून.”

“मग तू थांबलीस कशाला?”

स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वप्नाली हिरव्या टोमॅटोची फोड मिठाला लावून खात उभी होती. आईने तिच्याकडे बोट दाखवलं. वाकडं करून.